भाऊजींचा वासाचा डबा

आमच्या थोरल्या भाऊजींच्या मते या जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, गळणाऱ्या आणि अजून गळायच्या राहिलेल्या. माणसंही त्यातच आली. भोपाळच्या ज्या सरकारी कारखान्यात माझे यजमान आणि त्यांचे हे थोरले बंधू दोघंही नोकरीला होते, तिथे ट्रान्सफॉर्मर बनत. घराएवढ्या त्या टाकीतली हवा आणि ओलावा शेवटच्या कणापर्यंत ओढून काढायचा आणि आत केलेली पोकळी टिकते की कुठून गळते हे काट्याकडे डोळे लावून बघत बसायचं, हे भाऊजींचं काम. इतर अधिकारी ड्यूटी संपली की काम कारखान्यात ठेवून घरी येत. भाऊजी ते सोबत घेऊन येत. आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये ते शेजारच्या त्यांच्या क्वार्टरमधून चहाला आले की आधी चपला काढत, मग खिशातून दाढीचा जुना ब्रश काढत आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या नळीला साबणाचा फेस फासत. फेसात बुडबुडा येतो का हे वाकून बघत. मी नवीन लग्न होऊन साताऱ्याहून आले होते, मला वाटलं उत्तरेकडे पाहुण्यांची अशीच काहीतरी रीत असेल. बुडबुडा आला नाही की म्हणत, "ठीक आहे. आता चहा टाक."

त्या ब्रशाने कारखान्याच्या टाउनशिपमध्ये काय काय भोगलं ते सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. एका वर्षी गणपतीत भजन रंगात आलं होतं. पेटीवर बसलेले गृहस्थ फार मानी, डोळे मिटून वाजवत होते. भाऊजी पहिल्या रांगेत होते, पण त्यांचं लक्ष अभंगात नव्हतं. त्यांना पेटीच्या भात्यातून बारीक फुसफुस ऐकू येत होती. कडवं संपायची वाट न बघता ते उठले, ब्रश काढला, कोणाच्या तरी पेल्यातल्या पाण्यात साबणाचा तुकडा घोळला आणि भात्याच्या घडीला फेस लावला. बुडबुडा आला. खरंच आला, मी स्वतः बघितला. भाऊजींनी भरल्या मांडवाकडे वळून, गुन्हेगार पकडल्यासारखं त्याच्याकडे बोट दाखवलं. पेटीवाल्यांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि भाऊजींना आजवर त्याचं कारण कळलेलं नाही. "मी पेटीबद्दल बोललो, त्यांच्याबद्दल कुठे बोललो," असं ते अजून म्हणतात.

दुसरी सवय त्याहून वाईट. रबराची कुठलीही नळी हाती आली की तिचं एक टोक बूच मारून बंद करायचं, दुसरं तोंडात धरून हवा ओढायची आणि जीभ लावून सोडून द्यायची. नळी जिभेला चिकटून लोंबत राहिली तर ती चांगली, पडली तर फुटकी. ही तपासणी चालू असताना दारात कोणी आलं तर भाऊजी तसेच बाहेर येत. हनुवटीच्या खाली नळी लोंबतेय आणि हे हाताने "बसा, बसा" करतायत. विम्याचे एजंट त्यांच्याकडे दुसऱ्यांदा आले नाहीत, हा त्यातला फायदा.

हे सगळं ज्यांनी चालवून घेतलं त्या माझ्या जाऊबाई. माहेर उज्जैनचं, बोलणं गोड आणि हिंदीच्या वळणाचं, रागावल्या तरी आवाज चढायचा नाही. भाऊजींनी एकदा कारखान्यातला बाद झालेला छोटा पंप दुरुस्त करून आणला आणि घरातल्या बरण्यांमधली हवा काढून टाकली, म्हणजे फराळ मऊ पडणार नाही. पडला नाहीच. पण झाकणंही निघेनात. दिवाळीचे पाहुणे बसलेत, काचेतून चिवडा दिसतोय, आणि भाऊजी नि माझे यजमान बरणी मांडीत धरून दोन बाजूंनी ओढतायत. जाऊबाई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दोघं काय करून राहिले? बाजारातून आणते ना मी." आणि पिशवी घेऊन गेल्यासुद्धा.

या शांत बाईची एकच दुखरी जागा होती, ती म्हणजे नाक. पेट्रोलचा वास तिला जरासुद्धा सोसायचा नाही. पंपासमोरून रिक्षा गेली तरी पदर नाकाला, आणि घरी पोचेपर्यंत कपाळ ठणकायला लागलेलं. भाऊजींच्या स्कूटरवर ती लग्नानंतर एकदाच बसली आणि कोपऱ्यावर उतरून रस्त्याच्या कडेला बसून राहिली. त्यानंतर दोघांचं ठरूनच गेलं. कुठल्याही लग्नाला, मुंजीला, नाटकाला भाऊजी स्कूटरवरून पुढे आणि जाऊबाई सायकलरिक्षातून मागून. भाऊजी मांडवाच्या दारात उभे राहून रिक्षाची वाट बघायचे. लोक विचारायचे, "एकटेच?" भाऊजी म्हणायचे, "येतेय." मला तेव्हा त्यात गंमत वाटायची.

मग एके दिवशी भाऊजींनी गाडी आणली. आणली म्हणजे टेंपोमागे दोर बांधून ओढत आणली. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीने विकलेली, मग जुन्या भोपाळमधल्या एका शौकीन घराण्याने हौसेने घेतलेली आणि त्यांच्या कोठीमागे वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या मालकीची झालेली ती अमेरिकन गाडी होती. लांबी इतकी की त्यांच्या क्वार्टरच्या फाटकातून ती आत येत असताना मी खिडकीतून बघायला आले, तोंड आत आलं, मी गॅस बंद करून आले, तरी शेपूट रस्त्यावरच. सुकाणू डावीकडे. आणि पुढचे दिवे झाकलेले, पापण्या असल्यासारखे. दिवा लावला की इंजिनाच्या ओढीने त्या पापण्या उघडायच्या. त्यासाठी पुढच्या बाजूला तूप साठवायच्या डब्यासारखा एक बंद डबा होता, पोकळी साठवून ठेवायचा. भाऊजी त्याला ओढीचा डबा म्हणत. माणसाने गाडीचा रंग बघावा, गाद्या बघाव्या, तर यांनी आधी त्या डब्याची नळी काढून जिभेला लावली. नळी पडली. भाऊजींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही बघितला नव्हता.

गळती बरेच महिने सापडली नाही. तोवर दिवे लावले की डावा डोळा पूर्ण उघडायचा आणि उजवा अर्धा उघडून पुन्हा मिटायचा. एका संध्याकाळी भाऊजी फाटकापाशी गाडी तपासत होते आणि कारखान्याच्या बड्या साहेबांची बायको फिरायला निघाली होती. गाडीने तिला डोळा मारला. ती दचकून थांबली, तर पुन्हा मारला. भाऊजी बॉनेटच्या आत डोकं घालून बसलेले, त्यांना पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या यजमानांना साहेबांनी बोलावून विचारलं, "आपके भाईसाहब की तबीयत ठीक है?" हे घरी येऊन नुसते कपाळाला हात लावून बसले.

पण भाऊजींचा खरा जीव जडला तो दुसऱ्या डब्यावर. तो काळा, उभा, चाकाच्या वरच्या पोकळीत बसवलेला. जुन्या शहरातले एक नावाजलेले उस्ताद मेकॅनिक गाडी बघायला आले होते, त्यांनी तो बघितला आणि हसले. "साब, ये डिब्बा फालतू है. हिंदुस्तान में किसी गाड़ी में नहीं होता. काट के फेंको, पाइप का मुंह बंद कर दो." भाऊजींनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मला नको तिथे चौकशा करायची खोड आहे, तेव्हा मी ओट्यावरचं काम टाकून विचारायला गेले की हा डबा करतो तरी काय.

भाऊजींनी मला उलट्या बादलीवर बसवलं आणि शिकवलं. गाडी नुसती उभी असली तरी टाकीतलं पेट्रोल उन्हाने उडत असतं. त्याची वाफ बाहेर पडते, तोच तो वास. या गाडीत ती वाफ बाहेर न सोडता नळीने या डब्यात आणलेली असते. डब्यात कोळसा. वाफ कोळशात मुरून बसते. मग इंजिन चालू झालं की ते आपल्या ओढीने कोळशातली वाफ परत ओढून घेतं आणि जाळून टाकतं. मी म्हटलं, "म्हणजे रात्री उरलेली पोळी झाकून ठेवायची आणि सकाळी फोडणीची करून संपवायची." भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "तू इंजिनिअर व्हायला हवी होतीस," म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि याचा अर्थ काय ते कळलं का तुला? ज्या गाडीला वासच नाही, अशी एक गाडी जगात आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी त्यांनी हौसेसाठी घेतलीच नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हा माणूस एकदाही बायकोला शेजारी बसवून कुठे पोचला नव्हता. त्यांना तेवढंच करायचं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, जाऊबाईंना तर नाहीच नाही. मी मात्र उगाच बादलीला नावं ठेवत उठून आले.

डबा उघडला तर आत कोळशाची नुसती भुकटी. भाऊजींनी आधी शेगडीचा कोळसा कुटून भरला. गाडीने तो ओढून घेतला आणि मागून जी काळी फुंकर मारली ती समोरच्या क्वार्टरच्या वाळत घातलेल्या चादरींवर. मग नारळाच्या करवंटीचा, पाणी गाळायच्या यंत्रात घालतात तो दाणेदार कोळसा त्यांनी मिळवला. चाळून, धुऊन, उन्हात वाळवून भरला. वर खाली गाळणीचं कापड घातलं. प्रत्येक नळी बदलली, प्रत्येक सांध्याला फेस लावला. जाऊबाई ओसरीवर डाळ निवडत हे सगळं बघायच्या आणि हवेत नाक वर करून सांगायच्या, "अजून येऊन राहिला." भाऊजी पुन्हा आडवे होऊन गाडीखाली जायचे. "कारखान्यात लाखाचं मीटर आहे," ते मला म्हणाले, "पण हिच्या नाकाएवढं ते खरं बोलत नाही."

असं करता करता निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडायचं होतं. कोलार रोडला फ्लॅट घेतला होता, तिथे खाली गाडी ठेवायला जागा जेमतेम. इंदूरचा एक गाड्यांचा शौकीन दोनदा येऊन बघून गेला होता आणि बोलावतील तेव्हा येऊन न्यायला तयार होता. जाऊबाईंनी एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत सांगून टाकलं, "असं करा. मी बसते गाडीत. शाहपुऱ्याच्या तलावापर्यंत जाऊ. वास नाही आला तर गाडी येईल आपल्याबरोबर. आला तर इंदूरवाल्याला फोन लावा. आणि मग कुरकुर करायची नाही." भाऊजींनी कप खाली ठेवला. "कबूल," म्हणाले. भाऊजी शब्दाचे पक्के, त्यांनी कबूल म्हटलं म्हणजे वास आला तर गाडी गेलीच.

पुढचे काही दिवस त्यांनी गाडीत गळत्यांची जी शोधाशोध केली तिला तोड नाही. टाकीचं झाकण नवीन, घट्ट बसणारं. नळ्यांवर दुहेरी पट्ट्या. आणि मला पंच म्हणून मागच्या सीटवर बसायला सांगण्यात आलं, कारण जाऊबाईंना वाटलं की भाऊजी मध्येच रडकुंडीला आले तर त्यांची बाजू घ्यायला कोणीतरी हवं.

निघालो. सुकाणू डावीकडे, म्हणून जाऊबाई उजवीकडे, समोरून येणाऱ्या बसगाड्यांच्या बाजूला. पदर नाकाशी, दुसऱ्या हातात लिंबू. भाऊजी रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते, मी मागून सारखी "समोर, समोर" म्हणत होते. कारखान्याची भिंत संपली. साकेत नगर आलं. जाऊबाईंनी पदर जरासा खाली केला, हुंगलं, पुन्हा वर नेला. मग पुन्हा खाली केला आणि खालीच राहू दिला. लिंबू मांडीवर ठेवलं. भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आणि गाडीने आचके दिले. एक, मग आणखी, मग गप्प. मागे टाकीच्या बाजूला पत्रा दाबल्यावर होतो तसा आवाज झाला. भाऊजी उतरले. पेट्रोल भरपूर होतं. ठिणगी ठीक होती. पंप ठीक होता. उन्हात उभे राहून ते एकेक नळी चाचपत मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवायला लागले. ते निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे निघालं, आणि टाकीने जी हवा आत ओढली ती सीटवर बसून आम्हाला ऐकू आली. भाऊजी झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. मी खाली उतरले, कारण मला राहवलं नाही.

"त्या डब्याला खाली एक भोक होतं," ते हळूच म्हणाले. "मी बुजवलं."

मी विचारलं, "कशाला?"

"भोक होतं म्हणून."

झालं होतं ते असं. त्या वासाच्या डब्याला बुडाशी भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून बाहेरची हवा आत येते, पेट्रोल संपतं तशी ती टाकीतली जागा भरते, कोळशातली वाफही तीच बरोबर नेते. भाऊजींनी कारखान्यात जन्मभर भोकं बुजवली, त्यामुळे हेही दिसल्याबरोबर बुजवलं, वर फेस लावून बुडबुडा नाही याची खात्रीही केली. आता हवा यायला वाटच नव्हती. इंजिनाने पेट्रोल ओढून ओढून टाकीत पोकळी करून ठेवली, पत्रा आत गेला, पेट्रोल यायचं बंद झालं. इतकी पक्की पोकळी त्यांनी उभ्या नोकरीत ट्रान्सफॉर्मरमध्ये काढली नसेल.

आता ते भोक मोकळं करायचं म्हणजे वाफेला बाहेरची वाट मोकळी करायची. कोळसा नीट भरला असेल तर वास तिथवर पोचणार नाही. नसेल तर तो समोर चाकावरून थेट जाऊबाईंच्या खिडकीत. भाऊजींनी पेचकस काढला आणि थांबले. त्यांचा हात थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, "भाऊजी, घाला." त्यांनी डोळे मिटले आणि घातला. बुजवलेलं सगळं कोरून काढलं. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

भाऊजी आत येऊन बसले. गिअर टाकला नाही. "येतोय का गं?" त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी श्वास भरून घेतला. काच खाली करून पुन्हा घेतला. त्यांचं नाक खोटं बोलणारं नव्हतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी माझी बोटं घट्ट धरून बसले होते.

"नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "खरंच नाही हो."

शाहपुऱ्याच्या तलावाशी आम्ही पोचलो तेव्हा भाऊजींनी उतरून, वळसा घालून तिच्या बाजूचं दार उघडलं. भुट्टेवाल्याने विचारलं, "कितने लोग हो साब?" भाऊजी म्हणाले, "हम दोनों साथ में हैं." मी तिसरी तिथेच उभी होते, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

गाडी कोलार रोडला आली. इंदूरवाला हळहळत परत गेला. त्यानंतर किती लग्नं झाली, किती बारशी झाली, भाऊजी आणि जाऊबाई प्रत्येक ठिकाणी एका गाडीतून, एका वेळी पोचले. मांडवाच्या दारात दोन्ही डोळे व्यवस्थित मिटून ती लांबलचक गाडी उभी राहायची आणि भाऊजी उगाच रेंगाळत, सगळ्यांनी बघावं म्हणून, दार उघडून धरायचे.

आता भाऊजी थकलेत. मध्यंतरी एक ताप आला होता, तो गेला पण जाताना त्यांची वासाची जाण घेऊन गेला. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी कळत नाही. बोटांतही जोर राहिला नाही, बारीक पट्ट्या आवळता येत नाहीत, आणि त्या डब्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देतील तर ते भाऊजी कसले. गाडी मात्र अजून सावकाश, छान चालवतात. परवा एका साखरपुड्याला जाताना मी मागे बसले होते. दार लावलं आणि वास माझ्या डोक्यात गेला. पेट्रोलचा, चांगला उग्र. कोळशाचं आयुष्य संपलं होतं, दुसरं काय. मी तोंड उघडणार, तोच पुढच्या सीटवरून जाऊबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. कपाळाची शीर उठलेली, डोळ्यांत पाणी, पदर मुठीत चुरगाळून धरलेला, पण नाकाला लावलेला नाही. मला एकदम कळलं की हे आजचं नाही, पुष्कळ दिवसांचं आहे. मी तोंड मिटलं.

सिग्नलला गाडी थांबली. भाऊजींनी दर सिग्नलला विचारतात तसं विचारलं, "येतोय का गं वास? आला तर सांग हं, आपलं ठरलंय."

"छे," जाऊबाई म्हणाल्या. "कुठे काय येऊन राहिलं? तुम्ही चला."